मास्तरीणबाईंचं मनगट

आमच्या कोटाच्या कारखान्यात बसून काम करणारे पुष्कळ, उभं राहून काम करणारा एकच. तो म्हणजे कटिंग मास्तर. शिवण चुकली तर उसवता येते, बटण वाकडं बसलं तर तोडून परत लावता येतं, पण कापडावर कात्री चालली की चालली. म्हणून त्या टेबलाजवळ कोणी मोठ्याने बोलत नसे. चहासुद्धा तिथून दोन हात लांब ठेवायचा.

मी खिडकीपाशी बसून काजं करते. तिथून ते टेबल नीट दिसतं. मी कामाला लागले तेव्हा टेबलाशी एक म्हातारे मास्तर होते आणि त्यांच्या मागे मागे एक बाई घुटमळायची. तिला खरं तर तुरपाईला ठेवलं होतं. बायकांनी तुरपाई करावी, अस्तर लावावं, फार तर माझ्यासारखी काजं करावीत, अशी पद्धत. पण हिचं सगळं चित्त टेबलाकडे. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले, की ही उरलेल्या तुकड्यांवर कात्री चालवून बघायची. म्हाताऱ्यांनी आधी तिला हाकललं, मग दुर्लक्ष केलं आणि शेवटी, बहुतेक कंटाळून, शिकवलं.

म्हातारे मास्तर गेल्यावर मालकांनी बाहेरून दोघांना आणून बघितलं. पहिल्याने गिऱ्हाइकं पळवून लावली. दुसऱ्याला स्वतःशिवाय कोणी माणूसच वाटत नसे. मग मालक नाइलाजाने म्हणाले, "बाई, तुम्ही उभ्या राहा. दुसरा मिळेपर्यंत." दुसरा त्यांनी परत कधी शोधला नाही. तेव्हापासून त्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणायला लागले.

जीभ त्यांच्या कात्रीइतकीच चालायची. आमचे मालक माप देताना पोट आत ओढून उभे राहायचे. मास्तरीणबाई टेप धरून नुसत्या थांबायच्या. "सोडा श्वास, मालक. कोट घालून श्वासही घ्यायचा असेल ना?" मालकांचा चेहरा लाल, आम्ही सगळे खाली मान घालून शिवतोय असं दाखवणार. पण मालक कोट घालायचे तो त्यांनीच कापलेला. खांदा असा बसायचा, की माणूस त्यात जरा बरा माणूस वाटायला लागायचा.

त्यांचा नवराही आमच्यातच. मशीनवर बाह्या जोडायचा. खरं म्हणजे कारखान्यात तो आधीचा. तुरपाईच्या कामाला बायकोला त्यानेच आणलं होतं. टेबल आपल्याला मिळावं असं त्याच्या मनात फार होतं. मालकांना त्याने एकदा विचारलंही होतं. मालक हसून म्हणाले, "अरे, घरात एक मास्तर आहे ना? पुरे की." तेव्हापासून तो सगळ्यांसमोर बायकोला मास्तर म्हणू लागला. "मास्तर, ही बाही आखूड वाटतेय." आधी आधी तो हसत म्हणायचा आणि आम्हीही हसायचो. पुढे त्याचं हसू कधी गेलं, ते आमच्या लक्षात आलं नाही. शब्द तेवढा राहिला.

मास्तरीणबाईंनी त्याला कधी झुकतं माप दिलं नाही, हेही सांगायला हवं. बाही जरा चुकली की सगळ्यांदेखत त्याच्यापुढे टाकायच्या. "उसवा." एवढंच. मला बोलल्या असत्या तर मी विसरले असते. पण मी त्यांचा नवरा नव्हते.

त्यांना मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचं घर, आणि वरच्या मजल्यावर त्याची थोरली बहीण एकटी राहायची. ही नणंद तोंडाने फटकळ, पण वहिनीवर तिचा जीव होता. भावाला ती लहानपणापासून ओळखून होती.

त्या दिवशी सकाळी कारखान्याचा जिना धुतला होता. मास्तरीणबाई वरच्या खोलीतून अस्तराचा तागा खांद्यावर घेऊन उतरत होत्या. पाय घसरला. तागा सोडला असता तर कठडा धरता आला असता. तागा सोडला नाही, दुसरा हात पुढे केला, आणि सगळं अंग त्या एका हातावर आलं. उजव्या. आम्ही धावलो तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या आणि मनगटाकडे बघत होत्या. हात काट्यासारखा वाकला होता. जेवायचा काटा असतो ना, तसा. नवरा मशीन चालू ठेवूनच धावला. त्याने त्यांना जवळजवळ उचलून रिक्षात घातलं. पायात चपला नाहीत हेही त्याला कळलं नव्हतं, ते मी बघितलं आहे. पुढे जे झालं ते कळल्यावरही मी ते धावणं खोटं म्हणू शकत नाही.

दवाखान्यात हाड ओढून सरळ केलं आणि कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. हाड जागेवर बसलंय, ऑपरेशनची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर नवऱ्याने त्यांची वेणी घातली. भाजी चिरली. हाताने घास भरवला. नणंद वरून खाली डोकावून गेली आणि बघायला गेलेल्या मला म्हणाली, "हा सुधारला की काय? मला तर भीतीच वाटते."

इकडे कारखान्यात टेबल रिकामं. मालकांनी दोन दिवस ऑर्डरी थोपवल्या, मग इकडे तिकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाले, "तू उभा राहतोस का? बाई बऱ्या होईपर्यंत." तो उठला, हात धुतले, पुसले, आणि टेबलाशी जाऊन उभा राहिला. पहिला कोट कापायला त्याने अख्खी सकाळ घातली. कोणी त्याला घाई केली नाही. कोट शिवून झाला, मालकांनी घालून बघितला आणि म्हणाले, "जमलंय की, मास्तर." त्या दिवशी तो शब्द त्याला पहिल्यांदाच मिळाला. तो संकोचला आणि फडक्याने उगाचच टेबल पुसायला लागला.

प्लास्टर निघालं त्या दिवशी दोघं बरोबर गेले होते. प्लास्टरमधून निघालेला हात दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता, असं मास्तरीणबाई म्हणाल्या. बारीक, फिका, सालपटं सुटलेला, आणि मनगट लाकडासारखं. तिथे त्यांना व्यायामाच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. मध्यम वयाच्या, चष्म्याला दोरी लावलेल्या, बोलायला मऊ. त्यांनी समोर बसवून सांगितलं.

"हाड जुळणं हे अर्धंच काम असतं. मनगट मोडलेल्या माणसाला पुढे व्यायामच उपयोगी पडतो. पण तो कुठे द्यावा, याचा आम्ही अभ्यास करतोय. काही लोकांना आम्ही इथे बोलावतो आणि स्वतः करून घेतो. बाकीच्यांच्या घरच्या एका माणसाला शिकवतो आणि घरी पाठवतो. लोक लांबून येतात, काम बुडवून येतात. घरी तेवढाच गुण येत असेल, तर सगळ्यांचेच हेलपाटे वाचतील. वर्षभराने कोणाचा हात किती चालतो, ते मोजून बघायचं. तुम्ही नाही म्हटलंत तरी चालेल. उपचार तुम्हाला मिळतीलच."

"कोणी कुठे जायचं, ते तुम्ही ठरवणार?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नाही. कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो. मी ठरवायला लागले तर बरे दिसणारे हात मी नकळत एकाच बाजूला घालीन."

हे मास्तरीणबाईंना पटलं. "बरोबर आहे. माप घेताना आपल्या मनाचं घालायचं नसतं," त्या म्हणाल्या आणि हो म्हणाल्या. चिठ्ठी घरची निघाली.

मग डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला शिकवलं. कोपर टेबलावर टेकवायचं, मनगट हळूहळू मागे न्यायचं, पुढे आणायचं. तळवा आकाशाकडे फिरवायचा, मग जमिनीकडे. कापडाचा बोळा मुठीत दाबायचा. "दुखेल," त्या दोघांनाही म्हणाल्या. "दुखलं म्हणून थांबायचं नाही. सहन होईल तिथपर्यंत न्यायचं आणि थोडा वेळ धरून ठेवायचं. हे पहिले महिने फार मोलाचे असतात. नंतर सांधा ऐकत नाही. मी दर आठवड्याला फोन करीन. अडलं तर सांगा, मी इथे बोलावून घेईन. अभ्यासापेक्षा हात महत्त्वाचा." फोन नवऱ्याचाच होता. मास्तरीणबाईंनी स्वतःसाठी कधी घेतला नव्हता. चोवीस तास एकमेकांच्या नजरेसमोर असणाऱ्या माणसांना कशाला दोन फोन, असा त्यांचा हिशोब.

सुरुवातीला त्याने मनापासून केलं. संध्याकाळी आला की हातपाय धुऊन बसायचा आणि मनगट धरायचा. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या ओठ आवळून म्हणायच्या, "न्या अजून." तो न्यायचा.

मग कारखान्यात एका मोठ्या लग्नघराची ऑर्डर आली. सगळे कोट एकाच पद्धतीचे, प्रत्येकाचं माप वेगळं. मालकांनी ती त्याच्यावर सोपवली आणि त्याने ती पार पाडली. गिऱ्हाईक खूश होऊन त्याला भेटायला टेबलापर्यंत आलं. त्याच आठवड्यात कधीतरी मालक सहज म्हणाले, "बाईंचा हात कसा आहे? कधी येतात?" मी काज करता करता ऐकत होते. तो म्हणाला, "वेळ लागेल, मालक. बरं दिसत नाही."

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने मनगट हातात घेतलं, जरा वाकवलं आणि सोडून दिलं. "सूज दिसतेय."

"कुठे? रोजच्याएवढीच आहे."

"डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, तुमच्या हाताचं निराळं आहे. सूज उतरेपर्यंत बांधून ठेवा. जोर केला तर हाड परत सरकेल."

"त्या तर म्हणाल्या होत्या, थांबायचं नाही."

"ते सगळ्यांसाठी. अगं, मी काय मनाचं सांगतोय का? फोन करून विचार हवं तर." आणि त्याने फोन पुढे केला.

त्यांनी तो घेतला नाही. पुढे मला हे सांगताना त्या या एका गोष्टीपाशी फार वेळ थांबल्या. "फोन पुढे केला गं त्याने. पुढे केला म्हणून मी घेतला नाही."

मनगट बांधलं गेलं. पट्टी तोच बांधायचा. मऊ, व्यवस्थित, टोक आत खोचून. त्यांनी चमचा उचलला की म्हणायचा, "राहू दे, मी आहे ना." केर काढायला गेल्या की झाडू काढून घ्यायचा. शेजारच्या बायका त्यांना म्हणायच्या, नशीब काढलंत. मीही म्हटलं आहे. मास्तरीणबाईंना त्या बांधलेल्या हाताची हळूहळू भीती बसली. दारातून जाताना त्या हात पोटाशी धरून जायच्या. जी बाई कापडाला घाबरली नव्हती ती स्वतःच्या हाताला घाबरायला लागली.

ठरलेल्या तपासणीचा दिवस आला तेव्हा नवऱ्याला ऑर्डरीमुळे निघता येईना. "पुढच्या महिन्यात जाऊ," तो म्हणाला. पण तारीख नणंदेच्या लक्षात होती. "मी नेते वहिनीला. माझं तरी कुठे काय अडलंय?" आणि दोघी गेल्या.

आधी फोटो काढला. हाडांचे डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले, "सुंदर जुळलंय." मास्तरीणबाईंना वाटलं, संपलं एकदाचं. मग व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. हात टेबलावर ठेवला आणि कोन मोजायची पट्टी लावली. "मागे न्या." मनगट जेमतेम हललं. "तळवा वर करा." तळवा वर होईना, सगळा खांदाच वर आला. त्यांनी परत मोजलं. मग चष्मा काढला.

"व्यायाम किती वेळा करता?"

"तुम्हीच थांबवलात ना."

"मी?"

"सूज आहे म्हणून. बांधून ठेवा म्हणालात."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढून नोंदी बघितल्या. मग शब्द जपून वापरत म्हणाल्या, "मी असं कधी सांगितलं नाही. मी दर आठवड्याला फोन केला. तुमचे यजमान म्हणायचे, व्यायाम रोज चालू आहे, छान सुधारतंय. मध्ये एकदा मला शंका आली म्हणून मी म्हटलं, एकदा दाखवायला घेऊन या. ते म्हणाले, तिला यायचं नाही, तिला दवाखान्याचा कंटाळा आलाय."

नणंद खुर्चीतून उठली आणि परत बसली. मास्तरीणबाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. त्यांनी एकच विचारलं. "आता?"

"आता सुरू करू. आजपासून, इथेच. काही येईल. सगळं येईल असं मी खोटं सांगणार नाही."

बाहेर आल्यावर नणंद रस्त्यातच रडायला लागली. भाऊ तिचा. "वहिनी, तुम्ही वर चला माझ्याकडे. खाली जाऊच नका." मास्तरीणबाई म्हणाल्या, "ताई, माझं घर आहे ते. मी का जाऊ?"

संध्याकाळी तो आला. चपला काढता काढता त्याने सोडलेली पट्टी बघितली. मास्तरीणबाईंनी ती घडी करून टेबलावर ठेवली होती.

"कुठे गेली होतीस?"

"तुम्हाला माहीत आहे."

तो पाणी प्यायला. मग म्हणाला, "तुला दुखत होतं. मला बघवत नव्हतं."

"पहिल्या दिवसांत बघवत होतं. मी रडत होते तरी नेत होतात."

त्याने पेला आपटला. आणि मग इतक्या वर्षांचं एकदम बाहेर आलं. "उसवा, उसवा! सगळ्यांसमोर, पोरासोरांसमोर. कधी एकदा म्हणालीस, चांगली झाली बाही? मला नाही येत असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. येतं मला! बघितलंस ना, येतं! चार महिने उभा राहिलो तर काय आभाळ कोसळलं?"

"मला सांगायचं होतं. मी अर्धं टेबल दिलं असतं."

"तू?" तो हसला. "तू दिलं असतंस?"

हे सांगताना मास्तरीणबाई मला म्हणाल्या, "त्या हसण्याचा राग आला. कारण तो खरं बोलत होता. नसतं दिलं मी."

"मी काही हात मोडला नाही तुझा," तो शेवटी म्हणाला.

"नाही. तो जिन्यात मोडला," त्या म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

मग त्या दवाखान्यात जायला लागल्या, एकट्या. हा व्यायाम म्हणजे छळ होता. आखडलेला सांधा डॉक्टरीणबाई तसूतसूने पुढे रेटायच्या, त्या किंचाळायच्या आणि पुन्हा हात पुढे करायच्या. घरी येऊन कापडाचा बोळा दाबत बसायच्या. नवऱ्याने एकदा मदतीला हात पुढे केला. त्यांनी आपला हात मागे घेतला. पुन्हा त्याने विचारलं नाही. मुठीत जोर थोडा आला. किल्ली फिरू लागली, वेणी घालता येऊ लागली, पाण्याने भरलेलं भांडं उचलता येऊ लागलं. दवाखान्यात विचारत, हे जमतं का, ते जमतं का. बऱ्याच गोष्टींना त्या हो म्हणायच्या. तळवा मात्र पूर्ण फिरला नाही, आणि मनगट ठरावीक जागेच्या पुढे गेलंच नाही.

एक दिवस त्या कारखान्यात आल्या. सगळे उठून उभे राहिले. नवरा टेबलापासून बाजूला झाला. मालकांनी स्वतः कापड अंथरलं. मास्तरीणबाईंनी खडूने आखलं. आखणी तीच, एका ओढीत. मग मोठी कात्री उचलली. सरळ रेघेवर ती चालली. आम्ही हातातली कामं टाकून बघत होतो. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, गोलाई आली. तिथे कात्री मनगटातून वळवावी लागते, थांबायचं नसतं. त्यांचं मनगट वळलं नाही. त्यांनी कोपर वर केलं, खांदा वर केला, जवळजवळ टेबलावर ओणव्या झाल्या. कात्री आत घुसली आणि छातीचा भाग कापला गेला.

त्यांनी कात्री ठेवली. ते कापड उचललं, उजेडात धरलं आणि घडी घालून कडेला ठेवलं. मालक म्हणाले, "होतं असं. सराव गेलाय. उद्या बघू." त्या म्हणाल्या, "उद्या नाही, मालक." मग नवऱ्याकडे वळल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "या, मास्तर. तुमचं टेबल." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तो पुढे येईना. शेवटी मालकांनीच त्याला हात धरून आणला.

मास्तरीणबाईंना मालकांनी मापं घ्यायला ठेवलं. अजूनही त्या तेच करतात. गिऱ्हाईक त्यांच्यासमोर उभं राहतं, त्या टेप फिरवतात, आकडे सांगतात, आणि त्या आकड्यांवर तो कापतो. त्याचे कोट वाईट नाहीत. ते वाईट असते तर मालकांना कधीतरी काहीतरी करावं लागलं असतं. पण ते बरे आहेत. लोक घालतात आणि जातात.

वर्ष सरल्यावर दवाखान्यातून बोलावणं आलं. अभ्यास संपला होता आणि ज्यांनी ज्यांनी हात दिला होता त्या सगळ्यांना निकाल सांगायचा होता. मास्तरीणबाई मला बरोबर घेऊन गेल्या. एका लांबट खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. बहुतेक बायकाच, काही म्हातारे पुरुष. माझ्या शेजारची बाई बोलताना मनगट असं गरगर फिरवत होती, की मला तिचा उगाचच राग आला.

डॉक्टरीणबाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं. दवाखान्यात व्यायाम केलेल्यांचे हात एकूण जास्त चालतात. घरी केलेल्यांतले काही फार छान सुधारले, पण बरेच मागे राहिले. म्हणून आता हा दवाखाना निदान पहिले काही आठवडे सगळ्यांना इथेच बोलावणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी विचारलं, कोणाला काही विचारायचंय का?

मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. "माझा हात कुठे मोजलात?"

"घरच्या गटात."

"पण माझ्या घरी व्यायाम झालाच नाही. तुम्हाला माहीत आहे. नंतर तर मी इथेच यायचे. मग मी त्या गटात कशी?"

पुढच्या रांगेतल्या बायका मागे वळल्या. डॉक्टरीणबाईंनी टाळाटाळ केली नाही. "चिठ्ठी ज्या गटाची निघाली त्याच गटात शेवटपर्यंत मोजायचं, असा नियम असतो. आम्हाला व्यायाम चांगला की वाईट हे बघायचं नव्हतं, ते माहीतच आहे. माणसाला घरी पाठवलं की काय होतं, हे बघायचं होतं. काही घरांत ते असंही होतं. तुम्हाला बाहेर काढलं असतं, तर घरची बाजू आहे त्यापेक्षा चांगली दिसली असती आणि मी पुढच्या बायकांना खुशाल घरी पाठवलं असतं."

मागून एक म्हातारी बोलली, "माझी सून म्हणायची, तुम्हाला काय आता हाताने कशिदा काढायचाय?" कोणीतरी हसलं. आणखी एकीने सांगितलं, तिच्याकडे करून घ्यायला कोणाला वेळच नव्हता. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. मास्तरीणबाई खाली बसल्या. येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "बाई प्रामाणिक आहे. तिचं माप चुकलेलं नाही." बाकी काही नाही.

घरी पोचवायला मी त्यांच्याबरोबर आत गेले. नवरा घरीच होता. त्याने विचारलं, "काय म्हणाले?"

मास्तरीणबाईंनी पाणी घेतलं. "म्हणाले, घरच्या माणसाच्या भरवशावर कोणाला सोडू नये."

तो माझ्याकडे बघेना, त्यांच्याकडेही बघेना. त्या आत गेल्या, कपाट उघडलं आणि कपडे बाहेर काढू लागल्या. मी मदत केली. आरडाओरडा झाला नाही. तो दारात उभा होता, आणि आम्ही सामान घेऊन निघालो तेव्हा बाजूला सरकला. नणंदेने वर आधीच खाट लावून ठेवली होती. किती दिवसांपासून, कोण जाणे.

आता खालच्या मजल्यावर तो राहतो आणि वर त्या दोघी. कारखान्यात त्या त्याला "मास्तर" म्हणतात, तो त्यांना "बाई" म्हणतो आणि कामापुरतं बोलतात. बहिणीने त्याला एकदा जेवायला बोलावलं होतं. तो आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरीणबाईंना एक विनंती केली होती. ज्यांचं प्लास्टर नुकतंच निघालंय, ज्यांना हात हलवायची भीती वाटते, त्यांच्याजवळ कधी कधी येऊन बसाल का? त्या जातात. आपला हात दाखवतात. "बघा, माझं एवढंच होतं. तुमचं यापेक्षा जास्त होऊ शकतं. रडा, पण न्या." त्यांच्यासमोर पेशंट निमूट व्यायाम करतात, म्हणे.

मागच्या आठवड्यात त्या तिथून लवकर परत आल्या. मी विचारलं, काय झालं? एक जोडपं आलं होतं, त्या म्हणाल्या. बायकोचं मनगट मोडलेलं. नवरा तिच्याशेजारी बसून, एका हाताने तिचं कोपर धरून, तिचं रडणं थांबवत होता. "हळू, हळू, घाई करू नकोस, मी आहे ना." सगळ्या खोलीला कौतुक वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनाही.

"मग?"

"मग काही नाही. मला तिथे बसवेना. उठून आले."

"चांगला असेल हो तो."

"असेल. बिचारा चांगलाच असेल," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी टेप गळ्यातून काढला आणि डाव्या हाताने गुंडाळायला लागल्या. "पण मी त्याच्या तोंडाकडे किती वेळ बघत होते. मला ओळखता येईना गं."